सूज उतरली, तीच अडचण

आमच्या एफएनएसीच्या (गाठीत बारीक सुई घालून पेशी तपासण्याच्या) खोलीत थायरॉइडचे पेशंट रोजचेच. सोबतच्या कागदावर बहुधा एकच शब्द, 'गॉयटर', म्हणजे थायरॉइडची सूज. किती दिवसांपासून, गोळ्या कुठल्या, काही नाही. सर्जन मंडळींना सांगून जीभ झिजली.

त्या आजींची माहितीही मीच विचारून काढली. हाशिमोटो (शरीराच्या संरक्षक पेशीच थायरॉइडवर उलटतात तो आजार) जुना, त्यावरची हार्मोनची गोळी थायरॉक्सिन नेमाने चालू. महिन्याभरात गळा भरभर वाढलेला, आवाज बसलेला. आडवं केलं की दम लागे, म्हणून बसवूनच सुई घातली.

हाशिमोटोत लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षक पांढऱ्या पेशी, असणारच. 1912 साली हाकारू हाशिमोटोंनी वर्णन केलं ते लिम्फोसाइटनी भरलेल्या थायरॉइडचंच. त्यामुळे ते दिसले की नजर सैलावते. पण तिथली गर्दी आठवडी बाजारासारखी, सगळ्या जातीची: लहान-मोठे लिम्फोसाइट, प्लाझ्मा सेल, मध्येच थायरॉइडच्याच बदललेल्या, हर्थल पेशींचे पुंजके. आजींच्या स्लाइडवर गिम्साच्या रंगात पेशी सगळ्या मोठ्या आणि सगळ्या सारख्या, मागे फाटक्या सायटोप्लाझमचे निळसर ठिपके. हर्थल पेशी शोधाव्या लागल्या. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइटचा कॅन्सर, 1 ते 5 टक्केच, पण निघतो तो बहुधा अशाच जुन्या हाशिमोटोत. रिपोर्टात लिहिलं: लिम्फोमाचा संशय, कोअर बायोप्सी (जाड सुईने तुकडा काढून तपासणी) करावी, शक्यतो त्याआधी स्टेरॉइड नको.

बायोप्सीला आजी आल्या त्या टवटवीत. मुलगा खूश. "मॅडम, गाठ निम्मी झाली, आता कशाला टोचता?"

गावच्या डॉक्टरांनी डेक्सा, म्हणजे स्टेरॉइडच, दिलं होतं. त्याने लिम्फोमाच्या पेशी मरतात. थायरॉइडचा नेहमीचा कॅन्सर, कार्सिनोमा, असा विरघळत नाही, म्हणजे संशय पक्का. पण तुकड्यात मेलेल्या पेशी आणि त्या साफ करणारे मॅक्रोफेज. सीडी20 (बी-लिम्फोसाइटची खूण) कुठेकुठे लागलं, केआय-67 (पेशी किती वेगाने वाढतात त्याची खूण) मोजायला काही उरलंच नव्हतं. एवढ्यावर आर-चॉप, म्हणजे लिम्फोमाची केमो, कोण सुरू करणार? स्टेरॉइड थांबवलं, गाठ पुन्हा वाढली, तेव्हा दुसऱ्या बायोप्सीत निदान झालं: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, मोठ्या बी-लिम्फोसाइटचा वेगाने वाढणारा. "थायरॉइड काढूनच टाकू" म्हणणारे सर्जन मग गप्प बसले. केमोच्या पहिल्याच सायकलला गळा उतरला.

गावच्या त्या डॉक्टरांना मी तावातावाने फोन केला होता.

"रात्री श्वास अडकला होता मॅडम. गावात गळ्याला भोक पाडून ट्रॅकिओस्टॉमी कोण करणार?"

हे मला मान्यच. "पण पुढे आठवडाभर गोळ्या?"

"आराम पडत होता, घरचेच मागत होते. तुमचा रिपोर्ट सर्जनच्या फाइलला. माझ्याकडे फक्त आजी आल्या."