सात सेकंदांची चिठ्ठी

४ फेब्रुवारी २०१७. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत मी मतदान केंद्राध्यक्ष होतो. १९९९ ला विधानसभेसाठी अख्ख्या गोव्यात मतदान यंत्रं आली, तेव्हा मी मतदारांच्या बोटाला शाई लावत होतो. आता चाळीसही मतदारसंघांत यंत्राशेजारी व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची चिठ्ठी छापणारं यंत्र, होतं. मतदाराला स्वतःचं मत कागदावर दिसणार, याचा मला मनापासून अभिमान होता.

पहाटे उमेदवारांच्या एजंटांसमोर पन्नास मतांचं मॉक पोल, म्हणजे सरावाचं मतदान, घेतलं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. यंत्र शून्यावर आल्याचं दाखवलं, चिठ्ठ्यांची पेटी रिकामी केली, मग सील. क्लिअर करायचं राहिलं तर मॉकची मतं खऱ्या मतांत मिसळतात, म्हणून ते बटण मी दुसऱ्या कुणाला दाबू देत नाही.

अकराच्या सुमारास सत्तर वर्षांच्या आसपासचे एक काका मतदानाच्या कप्प्यातून बाहेर आले ते थेट माझ्या टेबलाशी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"मास्तर, हांवें दामलें एक, दिसलें दुसरेंच."

चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती परत दाखवता येत नाही. अशा तक्रारीसाठीच्या नियम ४९ एमए प्रमाणे मी त्यांच्यापुढे घोषणापत्र ठेवलं. सही केली की माझ्या आणि एजंटांच्या देखत चाचणी मत द्यायचं. तक्रार खोटी ठरली तर तेव्हा सहा महिन्यांपर्यंत कैद, हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. हे आधी बजावून सांगणं मला बंधनकारक होतं. मी सांगितलं.

काकांनी पेन खाली ठेवलं. "नाका मास्तर. म्हजेंच चुकलें आसतलें."

रांग खोळंबली होती, मला सुटल्यासारखं वाटलं. ते आता डाचतं. दोऱ्याच्या चष्म्यातून खरंच चूक झाली असेल. पण चाचणी मत बरोबर छापलं गेलं म्हणून आधीचंही बरोबरच होतं, असं कुठे ठरतं? मग त्या माणसाला कैदेची भीती कशाला? शंका विचारणाऱ्याला आरोपी करणारा हा नियम बदलायलाच हवा.

संध्याकाळी यंत्राचा एकूण आकडा आणि मतदारांच्या १७अ नोंदवहीतल्या नोंदी तंतोतंत जुळल्या. मत कुणाला गेलं हे त्या जुळणीतून कळत नाही.

त्यांच्या घोषणापत्रावर मी यादीतला अनुक्रमांक लिहून ठेवला होता. सही नव्हती, म्हणून तो कागद कुठल्याच लिफाफ्यात गेला नाही.