पंपाविना टॉप-ऑफ: नागपूरच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी

नागपुरात खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम ठेवलंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: समुद्राचं पाणी कुठून आणता? ते सोपं आहे. मीठ पाकिटात मिळतं, आरओच्या पाण्यात विरघळवायचं. खरी कसरत ते पाणी टाकीत टिकवण्याची आहे. माझी तीन फुटी टाकी आणि खालचा संप (टाकीखालची दुसरी, कप्प्यांची टाकी; वरचं पाणी तिथे उतरतं आणि पंप ते परत वर ढकलतो) मिळून साधारण २०० लिटर पाणी. एप्रिल-मेमध्ये पाणी २८ अंशांच्या वर जाऊ नये म्हणून वर छोटे पंखे लावतो, आणि त्या पंख्यांमुळेच दिवसाला चार लिटर पाणी उडून जातं. इथली उन्हाळ्याची हवाच तशी.

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणजे ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) पाणी तीन दिवस तसंच सोडलं, तर १२ लिटर कमी होऊन ते ३७ च्या वर जातं. मग आपण बादलीभर गोडं पाणी ओततो आणि ते पुन्हा धाडकन ३५ वर येतं. क्लाउनफिश आणि डॅमसेल हे मासे एकवेळ सहन करतात, पण गोगलगायी आणि झिंगे नाही. (प्रवाळ माझ्याकडे नाहीत. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, कुणी विकायला आणले तरी घेऊ नका.)

या टॉप-ऑफसाठी, म्हणजे उडालेलं पाणी गोड्या पाण्याने भरून काढण्यासाठी, सेन्सर आणि छोट्या पंपाचं तयार यंत्र मिळतं, पण मला ते नको होतं. त्याचा पंप चालूच राहिला तर तो गोड्या पाण्याचा डबा रिकामा होईपर्यंत थांबणार नाही, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जितक्या वेळा जाते-येते तितकी त्याची परीक्षा. कूलरच्या टाकीत पाणी आपोआप भरतं, तसंच इथेही भरावं, एवढीच माझी अपेक्षा होती. पण कूलरचाच फ्लोट इथे चालत नाही. त्यात पितळ असतं, पितळेत तांबं, आणि खाऱ्या पाण्याचा शिंतोडा बसून ते थोडं जरी विरघळलं तरी गोगलगायी, खेकडे गेलेच समजा.

म्हणून आरओच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथे अंगठ्याएवढा, पूर्ण प्लास्टिकचा फ्लोट व्हॉल्व्ह मिळतो, पाव इंची पाइपला बसणारा.

“मशीन कोणतं आहे भाऊ?”

“मशीन नाही, मासोळ्यांची टाकी आहे. वर डबा ठेवून पाणी सोडायचंय.”

“मंग प्रेशर कुठून आणता? हा तर लाइनवर चालते.”

शंका रास्त होती. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे ७० सेंटिमीटरवर ठेवलेल्या डब्याचा ०.०७. काउंटरवरच बघू म्हणालो. त्याने व्हॉल्व्हला हातभर पाइप जोडला, बाटलीतून त्यात पाणी ओतलं आणि पाइपचं तोंड डोक्यावर धरलं. खालून बारीक धार लागली. मग बोटाने फ्लोट हळूच वर उचलला. धार तुटून थेंब झाले, एक थेंब टोकाशी लोंबकळत राहिला आणि पडलाच नाही. कमी दाब इथे उलट फायद्याचा असतो, कारण भोक बंद करायला फ्लोटला फार जोर लावावा लागत नाही. दुसरा एक व्हॉल्व्ह असाच तपासला तर तो टपकतच राहिला, तो तिथेच ठेवला. घेताना प्रत्येक नग असा बघूनच घ्या.

आता डबा. सगळे इथेच चुकीच्या बाजूने विचार करतात: किती दिवस बघावं लागू नये, त्यावर डब्याचा आकार ठरवतात. मी उलटं धरलं. फ्लोट कधीतरी अडकणार, हे गृहीत. गोगलगाय त्याच्या दांड्याखाली जाऊन बसेल किंवा बिजागरीत मीठ साचेल. तेव्हा डब्यातलं सगळं पाणी एकदम संपमध्ये येईल. तसं आलं तर काय होईल, ते टाकीला झेपेल का, एवढाच हिशेब. १५ लिटर गोडं पाणी आलं तर ३५ चे ३२.६ होतात. सुखाचं नाही, पण मासे निभावून नेतात. ५० लिटरचा ड्रम असता तर २८ झाले असते, आणि ते होण्याआधीच संप भरून हॉलमध्ये पाणी.

संपमध्ये जागा किती, हेही कागदावर न ठेवता करूनच पाहिलं. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर ढकलणारा) बंद केला की वरच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी जिथून खाली सांडतं त्या, कडेपर्यंतचं पाणी खाली उतरतं. ते उतरू दिलं आणि वरून डब्याचे पूर्ण १५ लिटर मोजून ओतले. संपच्या काठाला तीन बोटं जागा उरली. त्याच रेषेवर मार्करने खूण आहे. (नंतर ते जादा पाणी उपसून त्याच्या हिशेबाने मीठ घातलं. त्यासाठी एक सुटीचा दिवस काढून ठेवा.)

डबा पांढरा फूड-ग्रेडचा, काळा कागद गुंडाळलेला, नाहीतर आत शेवाळ धरतं. तळाशी टँक निपल, त्याला छोटा कॉक, मग पाइप. काठावरून सायफन करू नका, एकदा हवा शिरली की तो तुटतो आणि तुम्हाला कळतही नाही. झाकणाला भोक हवंच, नाहीतर आत निर्वात होऊन धार थांबते. पाइप सतत उतारावर हवा. लाइनच्या पाण्यात कुणी याकडे बघत नाही, पण एवढ्याशा दाबाला पाइपच्या एका उंचवट्यात अडकलेला हवेचा बुडबुडाही पुरतो. म्हणून पाइप गुंडाळी न ठेवता मापाचाच कापला.

फ्लोट बसतो रिटर्न पंपाच्याच कप्प्यात. संपमध्ये पातळी कमी-जास्त होते ती फक्त तिथे, बाकी कप्पे आडव्या काचेच्या उंचीवर स्थिर. माझा तो कप्पा लहान असल्याने चार लिटर उडाले तर पातळी जवळजवळ पाच सेंटिमीटर उतरते, फ्लोटला ते लगेच जाणवतं. त्याच्याभोवती प्लास्टिकच्या जाळीचं कुंपण केलंय, गोगलगायींसाठी.

लाइट गेली की संपची पातळी वाढते आणि फ्लोट आपसूक बंद होतो. गंमत लाइट आल्यावर: पंप पाणी वर ढकलतो, संप क्षणभर खाली जातो, फ्लोट उघडतो. धार जोरात असती तर प्रत्येक वेळी थोडं थोडं जादा गोडं पाणी गेलं असतं. ती बारीक असल्याने वरून पाणी परतेपर्यंत जेमतेम कपभर जातं.

या व्यवस्थेला मीठ कळत नाही, फक्त पातळी कळते, हे मात्र विसरता येत नाही. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात फेसाऐवजी पातळ पाणी भरत राहिलं तर जातं खारं आणि त्याच्या जागी येतं गोडं, आठवड्यांनी आकडा घसरलेला दिसतो. म्हणून दर रविवारी रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा मोजतो. पाणी बदलायच्या आधी कॉक बंद, तशी चिठ्ठीच कॉकला बांधली आहे. महिन्यातून एकदा फ्लोट काढून व्हिनेगरमध्ये बुडवतो, पांढरी पापडी निघून जाते. डब्यात घरच्या आरओचं पाणी भरत असाल तर त्याचा टीडीएस कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज (पाण्यात क्षार परत मिसळणारे भाग) बगल देऊन घ्या. नाहीतर जे काढलं तेच क्षार परत मिसळतात आणि उडालेल्या प्रत्येक लिटरमागे टाकीत साचत जातात.

पावसाळ्यात पंखे बंद असतात आणि दिवसाला दीड लिटरही लागत नाही, डबा दहा दिवस पुरतो. मे महिन्यात मात्र चौथ्या दिवशी रिकामा. यंदा कोकणात जायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, “दुसरा डबा जोडून टाक ना, प्रश्न मिटेल.” नाही जोडला. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि आरओ पाण्याचे कॅन भरून रांगेत ठेवले. दर तिसऱ्या दिवशी एक कॅन डब्यात खुणेपर्यंत ओतायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. काकूंनी रोज संध्याकाळी डब्याचा फोटो पाठवला, शिवाय मासे उपाशी दिसतात म्हणून तक्रारही केली.