मोराचा डबा

शुक्रवारी सकाळी आमच्या घरात चिल्लर शोधायची धांदल उडते. सोफ्याच्या फटी, हिवाळी कोटांचे खिसे, गाडीत कॉफीचा कप ठेवायची ती गोल खाच. हल्ली सुटे पैसे बाळगतं कोण? पण चार वर्षांच्या लेकीला त्या दिवशी रिकाम्या हाताने शाळेत जायचं नसतं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि ती ज्यू बालवाडीत जाते. ज्यू नसलेली मुलंही तिथे घेतात. घरापासून चार मिनिटांवर आहे म्हणून आम्ही ती निवडली, त्यात अध्यात्म काही नाही. बाईंना मुलं 'मोरा' म्हणतात. हिब्रूत शिकवणाऱ्या बाईंना तोच शब्द आहे. मी उरणची. मोरा हे आमच्याकडचं बंदर, त्यामुळे मोरा म्हटलं की मला मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून तिकडे सुटणारी लाँच आठवते. पहिल्या शुक्रवारी लेक घरी येऊन म्हणाली, "आई, आज आम्ही हल्ला खाल्ला." मी दचकले. शब्बात म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार, तो शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. त्या दिवशीच्या वेणीसारख्या पावाचं नाव हल्ला. पेणच्या आजीला व्हिडिओ कॉलवर हे सगळं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आपले शनवार तेलीच की गं. शनवारी घाणा बंद ठेवायचे ते." शनवार तेली म्हणजे कोकणातले तेल गाळणारे ज्यू. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

तर डबा. बेबी फूडचा रिकामा डबा, त्याला निळा कागद आणि कागदावर चमकीचा चिखल. जुने लोक त्याला यिद्दिश भाषेत 'पुश्के' म्हणतात, आणि तो शब्द ज्या पोलिश शब्दावरून आला त्याचा अर्थही डबाच. सूर्यास्तानंतर शब्बात लागला की पैशांना हात लावायचा नाही, म्हणून मेणबत्त्यांच्या आधी नाणी टाकायची. बालवाडीत हे सगळं सकाळीच उरकतात, पण क्रम तोच. मुलं रांगेने येतात, नाणं टाकतात, आवाज ऐकतात. दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्या नाण्यापेक्षा लहान असतं, त्यामुळे वर्गात पाचाला जास्त मान. मोरा ही चूक सुधारत नाहीत.

याला 'त्सदाका' म्हणतात. मी घरी सरळ 'दान' म्हणत होते, पण ते तितकंसं बसत नाही. मूळ शब्द 'त्सेदेक', म्हणजे न्याय. आपल्याकडे देणारा दानशूर होतो. द्यायला शौर्य लागतं असं आपण शब्दातच मान्य करून टाकलंय. इथे ते देणं लागतो म्हणून द्यायचं, हात धुण्याइतकं नेमाने. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे दारात येणाऱ्या म्हातारीची हाक, 'धर्म कर गं माय'. ती दान मागत नव्हती, तुझं काम कर म्हणत होती.

एका शुक्रवारी एक सेंटही सापडला नाही. लेक रडवेली, मी घाईत. मोरांनी डब्याशेजारच्या वाटीतून एक नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते टाकलं आणि खूश होऊन पाव खायला पळाली. मला हे काही पटेना. शाळेचंच नाणं शाळेच्याच डब्यात, यात दिलं काय? मी तसं बोलूनही दाखवलं. मोरा हसल्या. जो स्वतः त्सदाकावर जगतो त्यानेही त्सदाका द्यायची असते, असं तालमूद या ज्यू धर्मग्रंथात आहे म्हणाल्या. देण्याचा मान कुणाचाच काढून घ्यायचा नाही. गाडीत बसल्यावर मला वासुदेव आठवला. सुपातलं घेताना तोही 'दान पावलं' म्हणत एकेका देवाचं नाव घ्यायचा, जणू ते त्याला मिळालंच नव्हतं, फक्त त्याच्या हातून पुढे गेलं होतं.

12व्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडितांनी त्सदाकेच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात. सगळ्यात खाली कपाळाला आठ्या घालून देणारा. (ही पायरी माझ्या चांगल्या ओळखीची आहे, दर महिन्याला शाळेची फी भरताना मी तिथेच उभी असते.) सगळ्यात वर, काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन समोरच्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही असं करणारा. त्याच्या खालोखाल, देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा.

वर्षअखेरीला डबा फोडला. मुलांनी हात वर करून ठरवलं की गावातल्या अन्नछत्राला डबाबंद खाणं द्यायचं. आम्ही काही पालक मदतीला दुकानात गेलो. लेकीने मक्याच्या दाण्यांचा डबा उचलला.

"हा कोण खाणार?"

"माहीत नाही," मोरा म्हणाल्या.

"त्यांना कळेल का मी दिला ते?"

"नाही."

तिला हे मुळीच आवडलं नाही. शाळेत परतल्यावर खोकं भरताना तिने खिशातून युनिकॉर्नचा स्टिकर काढला आणि त्या डब्यावर चिकटवला, थोडा तिरका. मी मोरांकडे पाहिलं. त्यांनी डबा हातात घेतला, स्टिकरचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबला, आणि तो खोक्यात ठेवला.