कमाटीबागेतला देवमासा

खालच्या मजल्यावरच्या बेन शनिवारी लिफ्टमध्ये भेटल्या की हमखास विचारतात, "कंईक सारुं जोवा जेवुं होय तो कहो ने, बेन." म्हणजे बघण्यासारखं काही चांगलं असेल तर सांगा. पूर्वी त्या मेतकूट कसं करायचं ते विचारायच्या. आमच्या बडोद्याच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत माझी ओळख होती ती मेतकूट आणि पुरणपोळीवाली म्हणून. आता मी डॉक्युमेंटरीवाली झाले आहे. ही बढती म्हणायची की बदली, ते अजून कळलेलं नाही.

तशी सगळ्यांचीच अडचण एक आहे. घरात तीन-तीन अ‍ॅप्सचे पैसे भरलेले असतात, आणि रात्री ताटं घेऊन बसलं की रिमोट नुसता वर-खाली, वर-खाली. वरण गार होतं, पोळी कडक होते, आणि शेवटी दहादा बघितलेली विनोदी मालिकाच अकराव्यांदा लागते. अशा घरात कुणीतरी ठामपणे "हे लाव" म्हणणारं माणूस लागतं. ते काम माझ्याकडे आलं.

गंमत म्हणजे आमच्या लहानपणी डॉक्युमेंटरी ही सिनेमाआधी भोगायची शिक्षा होती. 1948 साली सरकारने फिल्म्स डिव्हिजन काढलं आणि थिएटरवाल्यांना मुख्य सिनेमाआधी त्यांची फिल्म दाखवणं सक्तीचं झालं. पडद्यावर 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' अशी अक्षरं आली की बाबा निवांत व्हायचे. "अजून वेळ आहे, वेफर्स घेऊन येतो." धरणं, भाताची लावणी, लहान कुटुंब. ही भेट आम्ही कधी धड उघडूनसुद्धा पाहिली नाही. त्यातल्याच काही फिल्म्स मी आता पन्नाशीत यूट्यूबवर शोधून शोधून बघते, आणि बाबांच्या वेफर्सच्या नादात काय काय हुकलं याचा हिशेब करते.

तर सांगताना माझी एक साधी फूटपट्टी आहे. काही फिल्म्स बसवणाऱ्या असतात आणि काही उठवणाऱ्या. बसवणाऱ्यांत गुन्ह्यांवरच्या बहुतेक मालिका. दिल्लीतल्या बुराडीत 2018 साली एकाच घरातली 11 माणसं गेली, त्यावरची तीन भागांची मालिका नेटफ्लिक्सवर आहे. मी ती एका रात्रीत संपवली. वाईट आहे असं मुळीच नाही, उलट त्या विषयाला हवा तेवढा आदर तिच्यात आहे. पण एक भाग संपतो न संपतो तोच कोपऱ्यात पाच, चार, तीन, दोन सुरू होतं, आणि हात रिमोटकडे जातच नाही. पहाटे दोनला उठले ते कडी नीट लागली आहे ना बघायला. त्याला काही मी उठणं म्हणत नाही.

उठवणारी पहिली फिल्म लागली ती लॉकडाऊनमध्ये, 'माय ऑक्टोपस टीचर'. तेव्हा सासूबाई, म्हणजे आमच्या आई, शेजारी बसून वाल सोलत होत्या. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पाणवनस्पतींचं जंगल आहे. क्रेग फॉस्टर नावाचा एक थकलेला कॅमेरावाला तिथे रोज बुडी मारतो, तीही पाणबुड्यांचा पोशाख न घालता, थंडगार पाण्यात. एका ऑक्टोपसच्या बिळाशी तो जवळजवळ वर्षभर हजेरी लावतो. शार्क तिचा एक पाय तोडून नेतो, तो पुन्हा हळूहळू फुटतो. दुसऱ्यांदा शार्क मागे लागतो तेव्हा ती चक्क त्याच्या पाठीवरच जाऊन बसते. तिथे आईंचा वाल बोटातच राहिला. "शहाणी आहे गं," त्या म्हणाल्या. शेवटी ती अंडी घालते, बिळात बसून ती राखते, खाणंपिणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडायच्या सुमारास संपते. फिल्म करणाऱ्याने त्यावर निसर्ग, जीवनचक्र वगैरे बरंच काही म्हटलं होतं. आईंनी एका वाक्यात आटपलं. "बाळंतपणात गेली म्हणायची." आणि सोललेल्या वालांची परात उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपल्या कमाटीबागेत तो मासा होता ना मोठा? म्युझियममध्ये?"

होता म्हणजे काय, आहे. सरकारदरबारी सयाजीबाग, पण बडोद्याचं माणूस तिला कमाटीबागच म्हणतं. तिथल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, 70 फुटांहून लांब. 1944 साली तो मही नदीच्या मुखात भरकटत आला. शाळेच्या सहलीत मी त्याच्यापुढून धावत ममीकडे गेले होते, कारण सगळ्या पोरांना ममी बघायची असते. म्युझियम पुन्हा उघडल्यावर आईंना घेऊन गेले. त्या जबड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत काठी टेकत टेकत चालल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "बरगडी बघ, आपल्या झोपाळ्याच्या कडीपाटाएवढी." मी नुकतंच कुठेतरी ऐकलं होतं की निळा देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा त्याचं काळीज मिनिटाला दोनच ठोके देण्याइतकं मंद होतं. तेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरंय बाई, डॉक्टरकडे जायचं नको." आम्ही बाहेर येऊन सेव-उसळ खाल्ली. फिल्म चांगली होती की नाही हे मला अशावेळी कळतं.

नवऱ्याची फूटपट्टी वेगळी आहे. प्राण्यांच्या फिल्म्सचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा आवाज लागला की हा पाचव्या मिनिटाला घोरतो. सिंह हरणाच्या मागे लागलेला असतो आणि ह्याची मान छातीवर. त्याला जागं ठेवलं ते 'अपोलो 11' नावाच्या फिल्मने. 2019 साली आली. तिच्यात निवेदकच नाही. 1969 च्या जुलैत जे चित्रित झालं होतं, जे रेकॉर्ड झालं होतं, तेवढंच जोडून केलेली आहे. यान चंद्रावर उतरलं, माणसं परत आली हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, तरी उतरायच्या वेळी त्याने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. थोपटणारा आवाज नसला की माणूस जागा राहतो, असं माझं निदान.

निवेदकावरून आठवलं. प्राण्यांच्या फिल्ममधले आवाज बहुतेक वेळा नंतर भरलेले असतात, हे कळलं तेव्हा मला फसल्यासारखं झालं होतं. सरळ आहे, कॅमेऱ्याची लांब भिंग अर्ध्या मैलावरचं अस्वल जवळ आणते, माइक कुठून आणणार? मग स्टुडिओत बसून कुणीतरी चामड्याच्या पिशवीतलं कॉर्नफ्लोअर दाबतं, आणि आपल्याला बर्फावरची पावलं ऐकू येतात. आपण ज्याने मंचाव सूपला दाटपणा आणतो, तेच. एवढं मी माफ करते. पण डिस्नेच्या 1958 सालच्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी झुंडीने कड्यावरून उड्या टाकताना दाखवले होते, ते मात्र माफीच्या पलीकडचं. ते प्राणी बाहेरून आणलेले होते आणि त्यांना चक्क ढकललं होतं. त्या फिल्मला ऑस्कर मिळालं, आणि 'लेमिंग आत्महत्या करतात' ही थाप अजून जगभर चालते. म्हणून मी काही सांगताना आधी दोन ओळी शोधून वाचते. माणसं आपल्या भरवशावर दीड तास देतात.

माझाही एकदा पचका झालाच. 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' मला अतोनात आवडते. टोकियोत मेट्रो स्टेशनच्या तळघरात 10 खुर्च्यांचं दुकान, 85 वर्षांचे जिरो ओनो, आणि अंड्याची साधी वडी जमावी म्हणून 200 वेळा नापास झालेला शिकाऊ पोरगा. अखेर म्हातारा मान डोलावतो तेव्हा तो पोरगा रडतो. गाण्याचा रियाज, कुस्तीचा आखाडा, सगळं आठवतं. भरात येऊन मी हे खालच्या बेनना सांगून बसले. त्या पक्क्या वैष्णव, घरात कांदा-लसूणही येत नाही. दहा मिनिटांत फोन, "बेन, आमां तो माछली ज माछली छे!" प्रायश्चित्त म्हणून त्यांना 'द एलिफंट व्हिस्परर्स' दिली. मुदुमलाईच्या जंगलातले बोम्मन आणि बेल्ली, आणि त्यांनी पोटच्या पोरासारखा वाढवलेला रघू नावाचा अनाथ हत्ती. जेमतेम 40 मिनिटांची आहे, 2023 साली तिला ऑस्कर मिळालं. बेननी दोनदा पाहिली, सुनेला दाखवली, आणि वर आम्हाला लीलो चेवडो पाठवला.

भाच्याला 'फ्री सोलो' सांगितली, कारण त्याला बैलासारखी ताकद आहे आणि धीर नाही. अ‍ॅलेक्स होनोल्ड 2017 साली सुमारे 3,000 फूट उंचीचा कडा दोराशिवाय चढला, त्याची ही गोष्ट. त्यात चढणाऱ्यापेक्षा मला चित्रण करणारे जास्त लक्षात राहिले. आपला मित्र आपल्याच कॅमेऱ्यासमोर पडला तर, या भीतीने त्यातला एक जण कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून उभा राहतो.

पण कुणी अगदी निवांत असेल, आणि मला मनापासून विचारत असेल, तर मी 'द इनर आय' सांगते. सत्यजित राय यांची 1972 सालची, 20 मिनिटांची, आणि हो, फिल्म्स डिव्हिजनचीच भेट. शांतिनिकेतनातले त्यांचे शिक्षक, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावरची. एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हतं, दुसरा अधू. तशा नजरेने त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भलंमोठं भित्तिचित्र काढलं, पूर्ण आकाराचा आराखडा आधी न करता. पुढे एका ऑपरेशननंतर उरलीसुरली दृष्टीही गेली. आता इथे कुणी दुसरा असता तर सतार रडवली असती. राय काय दाखवतात, तर हा माणूस स्वतःच्या घरात कसा वावरतो, कागद कसा दुमडतो, बोटांनी कापून चिकटवून चित्र कसं रचतो. काळा चष्मा, आणि बोटं मात्र सारखी कामात. आंधळेपण हा एक नवा अनुभव आहे, अस्तित्वाची नवी अवस्था आहे, अशा अर्थाचे त्यांचे शब्द शेवटी येतात. मी ती पाहिली तेव्हा आईंच्या मोतीबिंदूची तारीख ठरली होती. त्यांना काही दाखवली नाही. ऑपरेशन झाल्यावर दाखवली.

ही फिल्म पाहून उठले ती थेट कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या स्मारकात गेले. का, ते सांगते. बिनोदबिहारींचे गुरू नंदलाल बोस, आणि नंदलालबाबूंनी 1939 ते 1946 मध्ये येऊन येऊन आपल्या कीर्तिमंदिराच्या चार भिंती रंगवल्या. बिनोदबिहारींचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन आपल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात शिकवायला होते. म्हणजे यूट्यूबवर ज्यांच्यासाठी डोळे पुसले ते सगळे नात्यातलेच निघाले. विश्वामित्रीच्या पुलाजवळून स्कूटर दामटत मी तीसेक वर्षं तरी त्या वास्तूवरून गेले असेन. आत गेले ती पहिल्यांदा. बाहेर मे महिना, आत दगडाचा गारवा. समोर गंगावतरण. शंकराच्या जटेपाशी नजर थांबली आणि मागून राखणदार म्हणाला, "फोटो नहीं, बेन." मी फोन पर्समध्ये टाकला. तसाही तिथे फोनचा उपयोग नव्हता.

आणि एक आहे, जी मला कुणाला सांगता येत नाही, कारण ती मीच नीट पाहिलेली नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी 1890 साली काढलेलं कलाभवन, माझ्या माहेरच्या दांडिया बाजारातल्या घरापासून चालत जाण्याइतकं. 'राजा हरिश्चंद्र'साठी पैसे उभे करायचे होते तेव्हा फाळक्यांनी 1912 साली एक कुंडी घेतली, वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिन्याहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. पडद्यावर बघता बघता बी रुजतं आणि वेल वर चढतो. ते पाहून पैसे देणारे तयार झाले. आपल्या सिनेमाच्या मुळाशी अशी एक डॉक्युमेंटरी आहे, आणि तीही वाटाण्याची! मी फोनवर मटकीला मोड येताना टिपायचा प्रयत्न केला. डब्यावर फोन टेकवून रात्रभर ठेवला. सकाळी पाहिलं तर तीन तास मटकी, आणि पुढे अंधार. बँकेतून कर्जासाठी फोन आला होता. फाळक्यांना कर्ज मिळालं ते फिल्म दाखवून. माझी फिल्म कर्जानेच बंद पाडली.

2024 च्या ऑगस्टमध्ये, जन्माष्टमीच्या पाठोपाठ विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्याकडे वीज गेली, वायफाय गेलं, फोनची बॅटरी जपून वापरायची वेळ आली. सगळी अ‍ॅप्स गप्प. खाली पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी. सगळी सोसायटी आपापल्या गॅलरीत. बडोद्याच्या नदीत मगरी आहेत हे जगाला आता बातम्यांतून कळतं, आम्हाला ते बाळघुटीबरोबर पाजलेलं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या पोराने आरोळी ठोकली, "मगर! मगर!" आईंना धरून गॅलरीत आणलं. सोसायटीच्या फाटकापाशी, अर्ध्या बुडालेल्या अ‍ॅक्टिव्हाच्या बाजूने, दोन डोळे आणि खडबडीत पाठ सावकाश सरकत होती. पाण्यावर एक लांब चरा, बस. बेनचा नातूसुद्धा गप्प होता.

आई नव्या डोळ्यांनी बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हिचा काहीच आवाज येत नाही का गं?"