सिमेंटचा ब्रँड राहू दे, पाण्याचं काय ते सांगा

लग्नात जेवायला बसलं तरी शेजारी कोणतरी येऊन टेकतंच, "काय वो, घर काढलंय, सिमेंट कुठलं घेऊ?" मग स्टील कुठल्या कंपनीचं, टाइल्स कुठून, हे सगळं होतं. पण पाणी किती टाकायचं आणि नंतर किती दिवस मारायचं हे आजवर एकानंही विचारलं नाही. मी साइट सुपरवायझर आहे, जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड सगळीकडं बंगल्याची कामं बघितलीत, आणि माझं स्पष्ट मत असं की आपल्याकडं काँक्रीट बिघडतं ते पाण्यापायी. मिक्सरमध्ये जास्त पडतं आणि स्लॅब टाकून झाल्यावर कमी पडतं.

साधा हिशोब बघा. घराच्या स्लॅबला नेहमी वापरतात ते एम २० दर्जाचं काँक्रीट म्हणजे एक माप सिमेंट, दीड माप वाळू, तीन माप खडी. ५० किलोच्या एका गोणीला पाणी लागतं २५ ते २७ लिटरच्या आसपास. त्यातलं सिमेंटला स्वतःला पकडायला निम्म्याच्या जवळपास पुरतं, बाकीचं फक्त माल सरकावा म्हणून. हे जादाचं पाणी पुढं उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक भोकं ठेवून जातं. आता स्लॅबच्या दिवशी काय होतं, दुपार झालेली, बिगारी दमलेले, माल घट्ट वाटायला लागतो, मिस्त्री वरून ओरडतो "पाणी सोड रे", आणि मिक्सरवाला पोरगा मापाबिपाच्या भानगडीत न पडता बादली उपडी करतो. माल मस्त सरकतो, सगळे खूष. वर पांढुरकी मलई आली की मालक म्हणतो काय गुळगुळीत झालंय, आणि ती मलई म्हणजे वर आलेलं सिमेंट आणि पाणी असतं, खडी खाली बसलेली असते. त्यात व्हायब्रेटर (माल हलवून दाबून बसवायचं यंत्र) एकाच जागी धरून ठेवला की झालंच.

यात मिस्त्रीला एकट्याला शिव्या घालून उपयोग नाही. भीमा-सीनेची वाळू आता मिळणं अवघड, मिळाली तरी भाव परवडत नाही, म्हणून सगळं क्रश सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर आलंय. तिचे कण टोकदार, धूळ जास्त, त्यामुळं माल खरबरीत होतो आणि पाणी जास्त मागतो. त्याला उपाय आहे, धुतलेली क्रश सँड घ्या आणि पाण्याऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे जादा पाण्याशिवाय माल सरकवणारं रसायन, डब्यावर लिहिलेल्या मापात टाका, खर्च फार नाही. आणि माप फर्म्यानंच, म्हणजे ठरलेल्या मापाच्या खोक्यानंच घ्या. घमेल्यानं मोजलं तर कुणाचं सपाट कुणाचं शिगोशीग, शिवाय ओलसर वाळू फुगते, पाव हिस्सा तरी जास्त दिसते, म्हणजे भरतोय वाळू असं वाटतं आणि त्यात बरीच हवाच.

आता क्युरिंग, म्हणजे टाकलेलं काँक्रीट पाणी मारून काही दिवस ओलं ठेवणं. आजोबांच्या माळवदाच्या घराला ही कटकट नव्हती, दगड-मातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात आत गार. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात तसलीच जाड भिंतींची, जड छपरांची घरं झोपेतल्या माणसांवर बसली, त्यामुळं त्या घराची फार हौस मला नाही. आरसीसीच बांधा. फक्त कॉलमच्या उभ्या सळयांभोवती बांधतात त्या रिंगांचे हूक ९० अंशात न ठेवता १३५ ला आत वळवून घ्या, भूकंपात रिंग उघडते ती तिथंच.

तर क्युरिंग. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, वर कोरडा वारा, स्लॅब टाकला की तासाभरात पृष्ठभाग सुकतो आणि पहिल्याच दिवशी केसासारख्या चिरा दिसतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सुरू करा नाहीतर संध्याकाळी. आयएस ४५६ हे काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक म्हणतं, साध्या, काही न मिसळलेल्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस पाणी, पण कोरड्या गरम हवेत १०. आणि हल्ली दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख मिसळलेलं (आपल्याला राखेचा काय तोटा, फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्रच आहे). सिमेंट ते चांगलंच, फक्त ताकद सावकाश धरतं, त्यामुळं त्याला १० आणि आपल्या हवेत १४ दिवस. स्लॅबवर वाफे करून पाणी तुंबवून ठेवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा, गोणपाट नसेल तर जुन्या चादरी, सोलापुरात त्यांना काय कमी!

"नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, स्लॅबला कुठनं घालू?" हे ऐकून घ्यावं लागतं आणि ते खरंही आहे. म्हणून बोअर किंवा टँकर आधी ठरवा, मग स्लॅबची तारीख काढा. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर लॅबमध्ये तपासून घ्या, सळई असलेल्या काँक्रीटला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आत सळई गंजते.

राहिलं सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट पकडेपर्यंत खालून दिलेला प्लेटांचा आणि टेक्यांचा आधार. प्लेटा-जॅकचं भाडं दिवसावर असतं म्हणून ठेकेदार पाचव्या दिवशीच "काढू का" विचारतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेके किमान ७ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस, तेही ओपीसीच्या हिशोबानं. पीपीसी असेल तर आणखी थांबा आणि तेवढं भाडं ठेका ठरवतानाच लिहून घ्या, नंतर ते तुमच्याच खिशातून जातंय म्हणून भांडण होतं.