मदरबोर्ड गेलेला नव्हता

रविवार, रात्री उशिरा

बाबांचा डीटीपीचा पीसी दिवाळीपासून बंद होता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, स्क्रीन मात्र काळी. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, भंगारात काढा." मदरबोर्ड हा एकमेव आजार असावा, जो पेशंटला हात न लावता कळतो.

आज दुपारी उघडला. बोर्डावरचा कपॅसिटर (वीज साठवणारी छोटी डबी) एकही फुगलेला नव्हता, म्हणजे वरकरणी बोर्ड ठीक. धूळ झटकली आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून पीसी चालू केला. लांब बीप, जरा थांबून पुन्हा लांब बीप. रॅम नाही म्हणून ओरडतोय म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत! मग पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घासले, कळकट भुगा पडला. पट्टी खटकन बसेपर्यंत दाबली आणि स्क्रीन उजळली.

पण घड्याळ २००९ सालात. सीमॉसची, म्हणजे पीसी बंद असताना घड्याळ आणि सेटिंग्ज जपणारी, बॅटरी संपलेली. सीआर२०३२, ३ व्होल्टची, चपटी. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाली. ती बसवल्यावर विंडोज एक्सपीचा लोगो आला, क्षणभर निळं काहीतरी चमकलं आणि पीसी पुन्हा सुरू. असंच चक्र. एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट होणं बंद केलं, तेव्हा कुठे निळा पडदा वाचता आला: कोडच्या शेवटी ७बी. म्हणजे विंडोजला स्वतःचीच हार्डडिस्क दिसत नव्हती.

बॅटरी मेली की बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी होतात. साटाचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जोडणीचा, मोड जुन्या आयडीईवरून नव्या एएचसीआयवर गेला होता आणि एक्सपीकडे तो चालवणारा ड्रायव्हर मुळातच नसतो. इथे बरेच जण विंडोज नव्याने टाकून मोकळे होतात, कधीकधी सगळा डेटा पुसून. मी बायोसमध्ये जाऊन मोड फक्त परत आयडीई केला. मिनिटाभरात बाबांचा डेस्कटॉप समोर!

आई म्हणाली, "अरे, एवढा खटाटोप कशाला? डिस्क काढून तुझ्या लॅपटॉपला लाव की." पण बाबांचं सगळं काम युनिकोडच्या (सगळीकडे सारखी दिसणारी आजची मराठी) आधीच्या फॉन्टमधलं, पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. तो फॉन्ट नसेल तर मराठीऐवजी फ्रेंच-जर्मन अक्षरांची खिचडी दिसते. आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टात डोंगल नावाचं कुलूप खोचल्याशिवाय उघडत नाही. माझ्या लॅपटॉपला तसलं पोर्टच नाही.

आता एकेक फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घेतोय. लग्नपत्रिका झाल्या, गणेश मंडळाच्या स्मरणिका उद्या. इंटरनेटची वायर अर्थातच लावलेली नाही. एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबले.