हाताची पॉप रिव्हेट गन: आधी भोक, मग लांबी, मग दांडा

पत्र्याच्या कपाटाची बिजागरी सुटली, पेटीची कडी निघाली किंवा अल्युमिनियमच्या चौकटीचा कोपरा खुळखुळायला लागला, की हात आधी स्क्रूकडे जातो. पण पातळ पत्र्यात स्क्रूला धरायला जागाच नसते. ०.८ मिमीच्या पत्र्यात जेमतेम एखादा आटा बसतो आणि दाराची उघडझाप सुरू झाली की तोही पत्रा खाऊन मोकळा होतो. नट-बोल्ट लावायचा तर मागे पान्हा पोचायला हवा, आणि बंद चौकोनी पाइपात तो पोचत नाही. पॉप रिव्हेट अशाच जागी कामाचा, कारण त्याचं सगळं काम एकाच बाजूने होतं.

रिव्हेटचे दोन भाग असतात. एक पोकळ नळी, जिच्या एका टोकाला चपटी टोपी असते. दुसरा त्या नळीतून आरपार गेलेला खिळा, ज्याचं फुगीर डोकं टोपीच्या विरुद्ध टोकाला असतं. गनमधले जबडे खिळ्याला धरून मागे ओढतात. डोकं नळीत घुसू पाहतं, त्यामुळे नळी पलीकडच्या बाजूला फुगते आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळले जातात. ओढ ठरावीक मर्यादेला पोचली की खिळा, त्याच्यावर मुद्दाम ठेवलेल्या बारीक खाचेपाशी, टक् आवाज करून तुटतो. डोक्याचा तुकडा नळीतच राहतो.

म्हणजे किती आवळायचं हे ती खाच ठरवते, तुमचं मनगट नाही. जोड ढिला राहिला तर दांडा जोरात दाबला नाही म्हणून राहिला, असं जवळजवळ कधीच नसतं. भोक मोठं पडलेलं असतं, लांबी चुकलेली असते किंवा पत्र्यांमध्ये फट राहिलेली असते. म्हणून या लेखात गन कशी दाबायची याला दोन परिच्छेद आणि बाकी सगळं त्याच्या आधीच्या कामाला.

माप

घरगुती हातगनसोबत साधारण चार नोझल (गनच्या तोंडाशी बसणारे भोकाचे तुकडे) येतात: २.४, ३.२, ४.० आणि ४.८ मिमी. इंचात हेच ३/३२, १/८, ५/३२ आणि ३/१६. भोक रिव्हेटपेक्षा ०.१ मिमी मोठं हवं, म्हणजे अनुक्रमे २.५, ३.३, ४.१ आणि ४.९ मिमीचा बिट. ३.३ चा बिट सहसा घरात नसतो. हातात धरलेलं ड्रिल किंचित डगमगतंच, त्यामुळे ३.२ चा बिटही बहुधा चालून जातो. रिव्हेट घट्ट गेला तर हलकी हातोडी पुरते. ३.५ चा बिट मात्र हाताशी आहे म्हणून वापरू नका. पातळ पत्र्यात तेवढ्या जास्तीच्या भोकातून फुगलेली नळी सरळ मागे ओढली जाते आणि आख्खा रिव्हेट हातात येतो.

घरात दोनच मापं ठेवायची असतील तर ३.२ आणि ४.८ ठेवा. डबे, पेट्या, पातळ पत्र्याच्या पट्ट्या यांना ३.२ पुरतो. बिजागऱ्या, मुठी, रोज ओढ सोसणाऱ्या जागा यांना ४.८. ४.० हा मधला, पण त्याचा खरा उपयोग पुढे येईल: ३.२ चं भोक बिघडलं की.

लांबीत सगळ्यात जास्त चुका होतात. पाकिटावर ४.८ × १० असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा नळीचा व्यास, दुसरा टोपीखालच्या नळीची लांबी. खिळ्याची लांबी यात धरत नाहीत. चांगल्या पाकिटावर किती ते किती जाडीसाठी हा रिव्हेट आहे हेही छापलेलं असतं, आणि ते असेल तर दुसरा कुठलाही हिशेब करू नका. नसेल तर जोडायच्या थरांची एकूण जाडी अधिक रिव्हेटचा व्यास, आणि तिथून पुढे मिळेल ते माप. १ मिमीचे दोन पत्रे आणि ३.२ चा रिव्हेट: २ + ३.२ = ५.२, म्हणून ६ मिमी. २ मिमीची बिजागरी १.५ मिमीच्या पाइपावर, ४.० चा रिव्हेट: ७.५, म्हणून ८ मिमी. एकूण ५ मिमी जाडीला ४.८ चा: ९.८, म्हणून १० मिमी. मागे वॉशर घालणार असाल तर त्याची जाडीही धरा.

आखूड रिव्हेटला मागे फुगायला नळीच उरत नाही. वरून जोड झकास दिसतो आणि पहिल्या हिसक्याला सुटतो. फार लांब रिव्हेट घेतला तर जास्तीची नळी वेडीवाकडी दुमडते किंवा फुगवटा पत्र्यापासून दूर तयार होतो, आणि पत्रे आवळले जाण्याआधीच खिळा तुटतो. 'लांबच घेऊ, जास्त धरेल' हा समज इथे पार उलटा पडतो.

धातू

सर्रास मिळतो तो अल्युमिनियमची नळी आणि पोलादी खिळा असलेला रिव्हेट. अल्युमिनियम, रंगवलेला पत्रा, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, प्लास्टिक या सगळ्याला तो चालतो. स्टेनलेसला मात्र लावू नका. ओल मिळाली की दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि दोहोंतला कमकुवत धातू झिजतो. इथे कमकुवत अल्युमिनियम, आणि तोही भल्या मोठ्या स्टेनलेस पत्र्याच्या तुलनेत इवलासा, त्यामुळे टोपीभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते आणि रिव्हेट आतून संपतो. स्टेनलेसला स्टेनलेसच रिव्हेट. ४.८ चा स्टेनलेस रिव्हेट एका हाताच्या गनने तोडणं म्हणजे मनगटाशी वैर आहे. त्यासाठी दोन्ही हातांनी दाबायची लांब दांड्यांची गन येते.

नळीत राहिलेला पोलादी तुकडा बाहेरच्या कामात गंजतो आणि पांढऱ्या पत्र्यावर तपकिरी ओघळ सोडतो. बाहेर लावायचा असेल तर नळी आणि खिळा दोन्ही अल्युमिनियमचे असलेला रिव्हेट घ्या, ताकद थोडी कमी हे धरून. पाणी थोपवायचं असेल, जसं पन्हळ किंवा टाकीचं झाकण, तर मागचं टोक बंद असलेला रिव्हेट लागतो. साध्या रिव्हेटच्या मधूनच पाणी झिरपतं. टोपीखाली सीलंट लावून कडा बंद होते, मधलं छिद्र नाही.

टोपीचेही प्रकार आहेत. प्लास्टिक, रेक्झिन, पातळ फायबर असं मऊ काही धरायचं असेल तर रुंद टोपीचा घ्या. शक्य असेल तिथे मऊ किंवा पातळ थर टोपीच्या बाजूला आणि कडक, जाड थर मागच्या बाजूला ठेवा, कारण फुगणारी नळी मऊ वस्तू फाडत आत जाते. दोन्ही थर मऊ असतील तर मागे वॉशर हवाच.

भोक पाडताना

जागा आखा आणि सेंटर पंचने खूण ठोका. पंच न मारता गुळगुळीत पत्र्यावर बिट टेकवला की तो घसरणार आणि रंगावर ओरखडा काढणार. भोकाचं केंद्र कडेपासून निदान व्यासाच्या दुप्पट आत असावं, म्हणजे ४.८ ला साधारण १० मिमी. त्याहून जवळ गेलात तर ओढ आली की कड फाटते. दोन रिव्हेटमध्ये किमान व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवा. घरच्या कामात प्रत्यक्षात बरंच जास्त असतं आणि ते ठीक आहे.

पाइपाला भोक पाडण्याआधी आत काय आहे ते बघा. कूलर, दिव्याची चौकट, कुठल्याही यंत्राचं कवच यांच्या मागे वायर असू शकते. प्लग काढून ठेवा, आणि मागे जागा कमी असेल तर बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण करा.

दोन्ही थर शिकंज्यात एकत्र धरून एकदमच भोक पाडा, मग त्यांना वेगळं करून चारही बाजूंची बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली धातूची कड, काढा. मोठ्या मापाचा बिट हातात धरून भोकावर दोनदा फिरवला की निघते. हा टप्पा बहुतेक जण गाळतात. दोन पत्र्यांच्या मधली बर त्यांना अर्धा मिलिमीटर दूर ठेवते, नळी त्या फटीतच फुगते, आणि मग जोड कायमचा खुळखुळतो. रिव्हेट फट मिटवत नाही, आहे त्या फटीसकट सगळं पक्कं करून टाकतो. म्हणून बर काढल्यावर शिकंजा पुन्हा आवळा आणि मग शेवटपर्यंत सोडू नका.

चार-सहा रिव्हेटची रांग असेल तर सगळी भोकं आधी पाडून ठेवू नका. एका टोकाचं भोक पाडा, रिव्हेट मारा, मग दुसऱ्या टोकाचं, मग मधली. सगळी आधी पाडली की तिसऱ्या-चौथ्या भोकाला पत्रा सरकलेला असतो आणि मग माणूस भोक रेटून मोठं करतो.

रेक्झिनच्या किंवा कापडी पट्ट्याला ड्रिल लावू नका. बिट धागे गुंडाळून पट्टा चिवडतो. तिथे चामड्याचा पंच वापरा. ठिसूळ प्लास्टिकला मागे लाकडाचा ठोकळा धरा आणि ड्रिल सावकाश चालवा.

आता गन

नोझल रिव्हेटच्या मापाचा आणि पान्ह्याने घट्ट केलेला हवा. मोठा नोझल लावला तर टोपीला मधून आधार मिळत नाही. ती वर उचलली जाते आणि तुटलेला खिळा नोझलमध्येच रुततो. दांडे पूर्ण उघडे ठेवून खिळ्याची लांब, बारीक बाजू गनमध्ये पार आत घाला. दांडे उघडल्याशिवाय जबडे सुटत नाहीत, आणि 'खिळा आत जातच नाही' या तक्रारीचं कारण बहुधा एवढंच असतं.

रिव्हेट भोकात घाला, टोपी पत्र्याला पूर्ण टेकली आहे ना ते बघा, आणि गन पत्र्याशी काटकोनात दाबून धरा. दांडा दाबा. एका दाबात तुटलं नाही तर दांडे पूर्ण उघडा, गन पुन्हा टोपीपर्यंत खाली ढकला आणि परत दाबा. ढकलायचं विसरलात तर जबडे त्याच जागी धरतात आणि दाब फुकट जातो. गन तिरकी राहिली की टोपीची एक बाजू वर राहते, आणि ती नंतर हातोडीने बसत नाही. खिळा तुटताना उडतो, डोळ्यांना चष्मा हवा. तुटलेले तुकडे लगेच गोळा करा. ते चपलेतून आरपार जातात.

बिघडतं तेव्हा

दांडा दाबला जातो पण खिळा घसरतो: जबड्यांच्या दातांत धातूचा चुरा भरला आहे. पुढचं नळकांडं फिरवून काढा. आत दोन किंवा तीन जबडे, त्यांना ढकलणारा तुकडा आणि स्प्रिंग असते. निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. दात तारेच्या ब्रशने साफ करा, तेलाचा एक थेंब जबड्यांच्या बाहेरच्या बाजूला द्या. दातांना तेल लावलं तर घसरणं वाढेल. दातच बोथट झाले असतील तर जबडे बदलायचे. बऱ्याच गनचे सुटे मिळतात.

खिळा टोपीच्या वर थोडा राहून तुटला: जोड घट्ट असेल तर कानशीने घासून टाका. जोड हलत असेल तर तो रिव्हेट काढा, घासून लपवू नका.

काढायचा कसा? बारीक पंचने आधी मधला पोलादी तुकडा मागे ठोकून पाडा, नाहीतर बिट त्याच्यावरून घसरतो. मग रिव्हेटच्याच मापाच्या बिटने फक्त टोपीच्या जाडीइतकं ड्रिल करा. टोपी कडीसारखी बिटवर चढून येते, उरलेली नळी पंचने मागे पडते. आरपार ड्रिल करत सुटलात तर पत्र्याचं भोक मोठं होतं. रिव्हेट बिटसोबत गरगर फिरायला लागला तर जास्त जोर लावू नका, त्याने फक्त भोक घासलं जातं. टोपीची कड पकडीत धरून ठेवा, किंवा छिन्नीने टोपी उडवा. भोक तरीही मोठं झालं तर पुढच्या मापावर जा: ३.२ वरून ४.०, ४.० वरून ४.८. त्यापुढे साधी घरगुती हातगन जात नाही. मग मागे वॉशर किंवा भोक सरळ दुसरीकडे.

काही जागी पॉप रिव्हेट नकोच. कढई किंवा तव्याच्या मुठीला नको, कारण पोकळ नळीत अन्न अडकतं आणि मुठीला भार सोसणारा भरीव रिव्हेट लागतो. प्रेशर कुकर, शिडीची पायरी, सीटबेल्टची जागा, इंधनाची टाकी यांना हात लावू नका. जिथे दुरुस्तीसाठी पुन्हा उघडावं लागेल तिथेही स्क्रूच बरा. पातळ पत्र्यात स्क्रूला धरायला आटे हवे असतील तर रिव्हेट-नट मिळतात, पण त्यांची गन वेगळी असते. साध्या गनमध्ये ते बसत नाहीत.